फाटकाची हाक

सोमवार, ४

वाचनालयाने वर्तमानपत्रांची खोली सोमवारी आणि गुरुवारी सकाळी बंद केली आहे. जाब विचारायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "काकू, तिथे आता ज्येष्ठांसाठी वर्ग असतो. मानसशास्त्राची ओळख." मी म्हटलं, "माणसांची ओळख मला पुरेशी आहे, मला पेपर हवाय." तक्रार लिहायला कागद मागितला, तर तिने पुढे केला तो प्रवेशाचा अर्ज. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई मी, हातात पेन असताना गप्प कशी बसणार? चुका सुधारता सुधारता माझं नाव कधी लिहून झालं, कळलं नाही.

वर्गात नऊ डोकी, त्यांतली सहा टकली. शिकवणारी बाई माझ्या छत्रीपेक्षा वयाने लहान असेल. शेजारी एक निवृत्त दंतवैद्य, बसल्या जागी घोरतात. आजचा धडा स्मरणशक्ती. बाई म्हणाल्या, आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आपण ती नव्याने रचतो आणि आधीची म्हणून खपवतो. मी हात वर केला. "ज्यांची कपाटं अस्ताव्यस्त आहेत त्यांच्यापुरतं ठीक आहे." वर्ग हसला. दातवाले जागे झाले.

घरी आले तर माझी धाकटी बहीण नेहमीप्रमाणे दाराशी. दार लावलं, कडी ओढून पाहिली, पुटपुटली, "बंद." मग मान तिरकी करून थांबली. पुन्हा कडी, पुन्हा "बंद." नवरा गेल्यापासून चार वर्षं माझ्याकडे राहते, चार वर्षं रोज हे चाललंय. मी उत्तर देत नाही. देणारही नाही.

मंगळवार, ५

भाचीचा फोन. तिची मुलगी तीन महिन्यांची झाली, पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय. "आई, आठ महिने ये. परक्या बाईच्या हाती नाही सोपवायची मला."

धाकटी म्हणाली, "माझे गुडघे दुखतात."

गुडघे ठणठणीत आहेत. काल जिना धावत उतरली. भाचीने मला फोन द्यायला सांगितलं. "मावशी, तू सांग ना तिला. मलाही तिने कधी एकटीने सांभाळलं नाही, आजीनेच वाढवलं. आता नातीलाही हात लावणार नाही का?"

मी म्हटलं, "तिला जमत नसेल तर जबरदस्ती करू नये." बरोबरच बोलले. धाकटीच्या सासूबाईंना लग्नानंतर मीच बजावलं होतं, लहान मूल हिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका. कोणीतरी सांगायला हवंच होतं.

फोन ठेवल्यावर धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं तू सावरून घेतलंस." आणि गॅसची खोली बघायला गेली. तिला मी स्वयंपाकघर म्हणते, ती गॅसची खोली म्हणते.

गुरुवार, ७

आजचा अभ्यास: लहानपणीचा एक प्रसंग लिहा. शक्य असेल तर त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाकडूनही लिहून घ्या, आधी एकमेकांशी न बोलता. बिनमहत्त्वाचा वाटला तरी प्रत्येक तपशील लिहा.

बाईंना एकदा दाखवूनच द्यावं म्हटलं, कपाट नीट लावलेलं असलं की काय असतं. मी हे लिहिलं:

"वडील शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर पंपचालक होते. आमचं राहतं घर आवारातच. अंगणाच्या पलीकडे पाणी निवळण्याचे उघडे हौद, मध्ये लोखंडी फाटक. केंद्रावर नियम असा, की झडप बंद करणाऱ्याने 'बंद!' अशी हाक द्यायची आणि दुसऱ्याने 'ऐकलं!' म्हणायचं. उलट हाक आली नाही तर पुन्हा जाऊन बघायचं. वडिलांनी तोच नियम फाटकाला लावला. मी अकरा वर्षांची, धाकटी सात, बाळ दोन वर्षांचा. त्या दुपारी मी शाळेतून रस्त्याने आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसले. आई आत पडली होती. धाकटी फाटकापलीकडे वाळत घातलेल्या चादरी काढायला गेली. परत येताना तिने कडी लावली नाही आणि हाकही दिली नाही. जाळीतून फाटक वाकडं दिसत होतं. पाऊण तासाने बाळ हौदात सापडला. वडिलांनी विचारलं तेव्हा जे घडलं तेच मी सांगितलं. बिनमहत्त्वाचा तपशील: संध्याकाळी आई काही न बोलता माझ्या बुटांवरची पांढरी भुकटी पुसत बसली होती."

एका बैठकीत लिहिलं. एकही खाडाखोड नाही.

सोमवार, ११

आज कुत्रा आणि घंटा. घंटा वाजवून खायला दिलं, असं पुष्कळदा केलं, की नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. दातवाले म्हणाले, "माझ्याकडे उलट होतं. यंत्र सुरू केलं की पेशंटची तोंडं मिटायची."

मी फाटकाच्या हाकेचं उदाहरण दिलं. बाईंना फार आवडलं. म्हणाल्या, "रोजच्या सवयीत हात आणि शब्द जोडले जातात. मग कधी कधी हात राहून जातो आणि शब्द तेवढा निघतो. समोरचाही सवयीने उत्तर देतो. दोघांनाही वाटतं, काम झालं."

मी म्हटलं, "आमच्याकडे हाकच दिली गेली नव्हती."

"हो का," त्या म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं. हे टिपून घेणं मला आवडत नाही. छापखान्यात टिपून घेणारी मी असायची.

दुपारी दूध तापवलं, पातेलं उतरवलं आणि बाहेर येताना माझ्या तोंडून निघालं, "बंद."

पलीकडच्या खोलीतून धाकटी ताबडतोब म्हणाली, "ऐकलं!"

तिचा तो आवाज एकाहत्तर आणि सदुसष्ट वर्षांच्या दोघी म्हाताऱ्यांच्या घरात शोभणारा नव्हता. सात वर्षांचा आवाज होता. वळून बघितलं तर गॅस तसाच जळत होता.

धाकटी दारात आली, चेहरा पांढरा. "किती वर्षांनी म्हणालीस, ताई."

"मी कधी म्हणत होते?"

"म्हणायचीस की. सगळ्यांत खणखणीत तूच. पंपवाले काका म्हणायचे, मोठीची हाक म्हणजे भोंगा."

गॅस मी नंतर बंद केला. तोंड मिटून.

गुरुवार, १४

बाईंनी कागद परत दिले. माझ्या कागदावर पेन्सिलीने दोन प्रश्न. "टेबलाशी तुम्ही कुठे तोंड करून बसला होता?" आणि "पांढरी भुकटी कसली?"

पहिल्याचं उत्तर: भिंतीकडे. अभ्यासाची जागा भिंतीकडे तोंड करून असावी असं आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या. मग फाटक दिसलं कसं? मान वळवली असेन. दुसऱ्याचं उत्तर: मला काय माहीत? चुना असेल. पाण्यात घालायच्या चुन्याची शेड हौदांच्या पलीकडे होती, वारा आला की उडायचा.

रस्त्यावर मात्र उडत नसे. रस्ता आवाराच्या दुसऱ्या अंगाला.

साठ वर्षांपूर्वीच्या बुटांवर प्रश्न विचारणारी ही कोण? पेन्सिलीने लिहिण्याइतकी सभ्यता आहे एवढंच.

शनिवार, १६

धाकटीला कागद-पेन दिलं. म्हटलं, वर्गासाठी हवंय, तो दिवस लिही. वाटलं, नाही म्हणेल. बसली आणि दहा मिनिटांत लिहून दिलं. हात जराही थांबला नाही.

"मी चादरी काढायला गेले. परत येताना हात भरलेले होते. कडी गार होती. मी कडी लावली नाही आणि हाकही दिली नाही. जाळीतून फाटक वाकडं दिसत होतं. ताईने सगळं बघितलं."

झालं? शब्दाला शब्द जुळला. आता बाईंनी पेन्सिल कुठे ठेवायची ते ठरवावं.

कागद देताना धाकटी म्हणाली, "वर्गात वाचून दाखवू नकोस हं." मी म्हटलं, नाही दाखवणार. तेवढी मी दुष्ट नाही.

सोमवार, १८

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले होते. सवय. छापखान्यात एकजण मूळ प्रत वाचायचा, मी मुद्रितावर बोट फिरवायची. आज दोन्ही मीच वाचले. तिसऱ्या वाचनाला बोट अडलं.

"जाळीतून फाटक वाकडं दिसत होतं."

जाळी स्वयंपाकघराच्या खिडकीला होती. धाकटी फाटकाशी होती. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला जाळीतून फाटक कसं दिसेल?

दोन प्रतींत एकच चूक सापडली, की समजायचं एकीवरून दुसरी उतरवली आहे. हे मला कुठल्या बाईने शिकवायची गरज नाही. शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात मीच शिकवायची.

धाकटीचं लिहिणं तिचं नाही. माझं आहे. मी वडिलांना जे सांगितलं, मग आईला, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मग हिच्या सासूबाईंना, तेच वाक्य तिने उचललं आणि साठ वर्षं धुऊन, इस्त्री करून घातलं. तिला स्वतःला काय आठवत होतं, ते कोणी विचारलंच नाही.

वर्गाला गेले नाही.

मंगळवार, १९

पंपवाले काका, वडिलांचे केंद्रावरचे जोडीदार, आता नव्वदीपुढचे आहेत, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. तीस वर्षांत मी त्यांना भेटले नव्हते. बसने गेले. धाकटीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरांकडे जातेय. अगदीच खोटं नाही, वाटेत दातवाले भेटले.

काकांना दिसत नाही. दारातूनच म्हटलं, "काका, ओळखलंत का?"

"मोठी." क्षणाचाही विचार नाही. "बस. एवढी वर्षं लागली होय यायला?"

मी तब्येत विचारली. म्हणाले, "मरण येत नाही म्हणून जगतोय, ते सोड. कशाला आलीस ते बोल."

"त्या दुपारी फाटकाची हाक..."

"ऐकली होती ना मी. दोन नंबरच्या पंपाला तेल घालत होतो. 'बंद!' तुझा आवाज. आतून धाकटीचं 'ऐकलं!' दोन्ही झालं, म्हणून मी मान वर केली नाही."

"मी रस्त्याने आले होते, काका."

"चुन्याच्या शेडमागून आलीस. उशीर झाला की रोजच यायचीस. बापाला सांगू नका म्हणून मला हात जोडायचीस."

सिस्टर म्हणायच्या, वळसा पडला तरी चालेल, पण मुलींनी रस्त्याने जावं. शाळेत शिस्तीचा बिल्ला माझ्याकडे होता.

"हाक चोख होती गं," काका म्हणाले. "कडी तेवढी राहिली. पायाने ढकललं असशील, हातात दप्तर-बिप्तर."

"वडिलांना सांगितलं नाहीत?"

"सांगायला गेलो. म्हणाले, एक लेकरू गेलं, आता उरलेल्या दोघींतली कोण, ते मला ऐकायचं नाही." मग म्हणाले, "त्यानंतर नोकरी होती तोवर मी कुणाच्या हाकेवर विसंबलो नाही. प्रत्येक चाकाला स्वतः हात लावून यायचो. दोन-दोनदा. लोक म्हणायचे, याला खूळ लागलंय."

निघताना म्हणाले, "धाकटी बरी आहे ना? गुणाची पोर. सगळं लगेच खरं मानायची."

शुक्रवार, २२

तीन दिवस लिहिलं नाही.

मला वाटलं होतं, काकांनी सांगितल्यावर आठवेल. शेड, फाटक, पाय. काही आठवत नाही. डोळे मिटले की अजूनही टेबलच दिसतं, आणि टेबलाशी बसलेली मी. पाठमोरी. स्वतःची पाठ मला कशी दिसते? एवढा साधा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नाही. पेन्सिलवालीला मात्र तो दोन आठवड्यांत पडला.

टेबलाशी बसलेली पाठमोरी मुलगी मी नव्हेच. ती धाकटी. मी खिडकीबाहेरून तिला बघत आले असेन. आठवणीत मी तिच्या जागेवरून तिला उठवलं, तिथे स्वतः बसले आणि तिला पाठवलं फाटकाशी.

घरात हाक ऐकू येते. भांडं ठेवलं, कपाट लावलं, नळ फिरवला, की माझ्याच गळ्यात "बंद" तयार होतं. ते गिळते. तरीही आतल्या खोलीतून बारीक "ऐकलं" येतंच. आज दुपारी जाऊन बघितलं. धाकटी बाजारात गेलेली होती.

मी पुढे काय करायचं तेही इथे लिहून टाकते, म्हणजे पळता येणार नाही. भाचीला महिनाअखेरीस उत्तर हवंय. धाकटी नातीला हात लावत नाही ती माझ्यामुळे. सांगायला हवं. सांगितलं की ती मला काय म्हणेल, याची मला भीती वाटते. एकाहत्तराव्या वर्षी धाकट्या बहिणीची भीती!

सोमवार, २५

सांगितलं.

ती भाजी चिरत होती. म्हटलं, "धाकटे, सुरी ठेव."

"बोल ना, हात चालू दे."

"ठेव म्हणतेय ना."

ठेवली. मी सगळं सांगितलं. शेड, दप्तर, पाय, हाक. वडिलांना काय बोलले ते. सासूबाईंना काय बोलले तेही, ते तिला माहीत नव्हतं. तिच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून बोलले. जमतं ते तेवढंच.

तर म्हणते, "काकांकडे गेली होतीस? अगं, ते नव्वदीचे. सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी सांगता येत नाही त्यांना."

"आणि माझ्या बुटांवरचा चुना?"

"आपल्या सगळ्यांच्याच बुटांवर असायचा."

"तू आत होतीस. टेबलाशी बसली होतीस. जाळीतून बघत होतीस. तुझ्याच कागदात आहे!"

"ताई, मला आठवतंय ना. कडी गार होती. हात भरलेले होते."

"ते मी सांगितलेलं आहे!" मी ओरडले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "ते माझं वाक्य आहे, धाकटे! मी अकरा वर्षांची होते, घाबरले होते, आणि मी ते बनवलं! तू मला शिव्या दे!"

तिने शिवी दिली नाही. भाजीच्या ओल्या हातांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस," ती म्हणाली. "आज बोललीस. माझ्यासाठी."

"खोटं नाहीये ते!"

"बरं, नाही. पण कळलं मला." ती रडायला लागली. "मला वाटायचं, ताईने माफ केलं नाही, मरेपर्यंत करणार नाही. आणि तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघालीस, या वयात, काकांना भेटून, पुरावे गोळा करून. वेडी आहेस का तू?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला कोथिंबिरीचा वास. "पुरे. यावर आता बोलायचं नाही."

संध्याकाळी ती माळ्यावरून बॅग काढत होती. मी खालून म्हटलं, "गुडघे?"

"बरे आहेत," ती म्हणाली.

गुरुवार, २८

धाकटी सकाळच्या गाडीने भाचीकडे गेली. वर्गाला गेले. बाईंनी विचारलं, लिहिलेल्या प्रसंगाचं पुढे काही? मी म्हटलं, "चूक सापडली. दुरुस्ती स्वीकारली गेली नाही."

त्या म्हणाल्या, "असं होतं. जुनी आठवण कधी कधी माणसाचा आधार झालेली असते."

मी म्हटलं, "तिचा आधार नव्हता तो, बाई. तुरुंग होता. आणि मी दार उघडलं तर ती आभार मानून वेगळ्याच दाराने बाहेर पडली."

या वेळी त्यांनी काही टिपून घेतलं नाही.

शनिवार, ३०

घरात खरं काय ते माहीत असलेली मी एकटी. तिकडे काका, पण त्यांचं कोण ऐकतं? टेबल अजून तसंच दिसतं. त्याच्याशी बसलेल्या मुलीला मी सकाळपासून दोनदा सांगितलं, ऊठ, जागा माझी नाही. ती वळून बघत नाही. बघितलं तर कोणाचा चेहरा असेल?

दुपारी भाचीचा फोन. "मावशी, आईने सगळं सांगितलं. तू तिच्यासाठी काय केलंस ते. मी रडलेच. एवढं मोठं मन!"

"मन-बिन काही नाही. खरं होतं तेच सांगितलं."

"हो हो," ती म्हणाली. "आई म्हणालीच होती, ताई अगदी असंच म्हणेल."

आयुष्यभर मी लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर दाखवल्या. ही एक माझी, ठळक अक्षरांत, आणि कोणी वाचायला तयार नाही. मी म्हटलं, "हे बघ, नीट ऐक. त्या दिवशी फाटकातून आले ती मी. तुझी आई..."

"थांब मावशी, ऐक, ऐकू येतंय का?" तिने फोन कुठेतरी धरला. पाण्याचा आवाज. बादलीत तांब्या बुडाल्याचा. मग बाळाचं किंचाळणं, आनंदाचं, आणि त्यावर धाकटीचं हसणं, मोकळं, घसा बसेपर्यंत. तिचं हसणं मी विसरले होते, की कधी ऐकलंच नव्हतं, सांगता येत नाही. आता मी माझ्या आठवणीवर पैज लावत नाही.

"अंघोळ घालतेय," भाची कुजबुजली. "एकटी. मला खोलीबाहेर काढलंय. दार लावून घेतलंय आतून. हां, तू काय सांगत होतीस?"

तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच होतं. बरोबर होतं, एकही चूक नव्हती त्यात.

"पाणी कोमट आहे का, तेवढं बघ," मी म्हटलं.

"आहे. तिने तीनदा बघितलं."

"मग घालू दे," म्हटलं, आणि फोन ठेवला.